बोटानं बघ

गेल्या महिन्यात अण्णांची शोकसभा होती. मिरजेत, एका जुन्या मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये, संध्याकाळी सहाला. दुपारी कुणाचं तरी लग्न होऊन गेलं असावं, कारण खुर्च्यांखाली अक्षता पडल्या होत्या आणि पंख्याच्या वाऱ्यानं त्या फरशीवर इकडून तिकडं सरकत होत्या. छापखान्यात काम केलेले आम्ही सात-आठ जण, बाकी नातेवाईक, गल्लीतली माणसं आणि अण्णांकडून पत्रिका छापून घेतलेली दोन-तीन पिढ्यांची गिऱ्हाइकं. गुरुजी सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या रांगेत बसले होते. वय एक्याऐंशी, हातात काठी, आणि सदऱ्याच्या खिशात औषधाच्या दुकानात मिळते तसल्या झिपच्या पिशवीत ठेवलेला एक पेनड्राइव्ह. त्यात अण्णांचे जुने फोटो होते. ते पडद्यावर दाखवायचं आधीच ठरलं होतं. प्रोजेक्टरपाशी बसलेल्या मुलानं पेनड्राइव्ह हातात घेतला, लॅपटॉपची डावी कड बघितली, उजवी बघितली, पुन्हा डावी बघितली. पातळ, चकचकीत लॅपटॉप. दोन्ही कडांना मिळून दोनच बारीक लांबट भोकं. एकात चार्जर, दुसऱ्यात प्रोजेक्टरची वायर. तो मुलगा अगदी मऊ आवाजात म्हणाला, "गुरुजी, याला जागाच नाही."

"बरं, बरं," गुरुजी म्हणाले. कुणीतरी मोठ्यानं विचारलं, कन्व्हर्टर आहे का कुणाकडं? कुणाकडंच नव्हता. दिवा लागला, भाषणं सुरू झाली. गुरुजींनी उभं राहून दोनच वाक्यं बोलली, मग बसून तो पेनड्राइव्ह पिशवीत घातला, झिप बोटांनी दाबत दाबत बंद केली, एकदा चाचपून पाहिली आणि पिशवी खिशात ठेवली. फोटोंबद्दल पुन्हा कुणी काही बोललं नाही. माझा कन्व्हर्टर घरी होता. टेबलाच्या वरच्या ड्रॉवरमध्ये, उजव्या कोपऱ्यात. स्कूटरनं जाऊन यायला वीस मिनिटं लागली असती. भाषणांच्या मधून उठायचं कसं, म्हणून मी बसून राहिले.

याला जागाच नाही. रात्री झोपताना तेवढंच कानात राहिलं.

मी अण्णांच्या छापखान्यात १९९८ साली लागले, वीस वर्षांची असताना. टायपिंग येत होतं, कॉम्प्युटर फक्त क्लासमध्ये पाहिला होता. अण्णांनी छपाईच्या ट्रेडल मशीनशेजारच्या खोलीला प्लायवूडचं पार्टिशन घालून डीटीपीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायचा, विभाग केला होता. टेबल भिंतीला टेकवलेलं, त्यावर मॉनिटर, खाली कॅबिनेट. कॅबिनेटचं तोंड आमच्याकडं आणि पाठ भिंतीकडं. पहिल्याच आठवड्यात कीबोर्ड बंद पडला. टेबल ओढायला जागा नव्हती, कारण मागं कागदाच्या रिमांची चळत होती. अण्णा म्हणाले, "हात घाल मागं." मी वाकून डोकं आत घालायला लागले, तर म्हणाले, "वाकू नको. दिसणार काय त्या अंधारात? बोटानं बघ." मी हात घातला. पंख्याची गरम हवा मनगटावर आली. धुळीचा मऊ थर, कोळ्याचं जाळं, पत्र्याची धारदार कड, आणि मग एकामागून एक भोकं. काही गोल, काही लांबोडी, काही खरखरीत पिनांची. मी पंधरा मिनिटं नुसता हात फिरवत होते. त्या दिवसापासून कॉम्प्युटर म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर स्क्रीन येत नाही. ती पाठच येते.

अण्णा हे उगाच बोलत नव्हते. ते मूळचे जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारे. पंधराव्या वर्षापासून त्यांनी शिशाची अक्षरं केसमधून, म्हणजे खणांच्या पेटीतून, उचलून ओळी रचल्या होत्या. खिळा कसा उचलायचा हे त्यांनी मला एकदा हातावर ठेवून दाखवलं होतं. एवढासा तुकडा, टोकाला उलटं अक्षर, आणि अंगाला एका बाजूनं कोरलेली बारीक खाच. ती खाच अंगठ्याला लागली की अक्षर सुलटं आहे हे न बघता कळतं. जुळाऱ्याची नजर असायची मजकुरावर आणि बोटं असायची खाचेवर. रोज हजारो खिळे उचलणाऱ्या माणसाला प्रत्येक खिळा डोळ्यांसमोर धरणं परवडणारच नाही. कॉम्प्युटरच्या पाठीमागची भोकं त्यांनी याच नजरेनं, म्हणजे याच बोटानं, समजून घेतली होती. प्रिंटरची आणि मॉनिटरची जागा इंग्रजी डीच्या आकाराची, म्हणजे एक बाजू लांब आणि समोरची आखूड, हे त्यांनी मला दाखवलं आणि म्हणाले, "बघ, इथंपण खाच आहे. उलटं बसूच नये म्हणून करणाऱ्यानं विचार केलाय." इंजिनिअरिंगचं पुस्तक त्यांनी कधी उघडलं नव्हतं. पण दुसऱ्या कारागिरानं कुठं काळजी घेतली आहे ते त्यांना ताबडतोब कळायचं.

कीबोर्ड आणि माउसच्या जागा मात्र त्यांना आवडल्या नव्हत्या. दोन्ही गोल, सहा-सहा पिनांच्या, एकीवर एक, अगदी जुळ्या बहिणी. आयबीएमनं १९८७ साली काढलेल्या पीएस/२ नावाच्या मशीनवरून ते नाव पडलं आणि पुढं वीसेक वर्षं जगभर तसंच चाललं. कीबोर्डची पिन माउसच्या जागेत सहज बसायची आणि मग दोन्ही मुके. शिवाय मशीन चालू असताना ती काढायची-घालायची सोय नव्हती. तसं केलं तर बोर्डावरचा बारीक फ्यूज जाण्याचा धोका. म्हणजे आधी सगळं सेव्ह करा, मशीन बंद करा, मग हात घाला. लग्नसराईत, समोर गिऱ्हाईक मुहूर्ताची वेळ सांगत उभं असताना, ती पाच मिनिटं फार लांब वाटायची. दोन वर्षांनी दुसरं मशीन आलं, त्याच्या पाठीवर मात्र रंग होते. कीबोर्डला जांभळा, माउसला हिरवा, मॉनिटरला निळा, प्रिंटरला गडद गुलाबी. मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलनं मिळून कॉम्प्युटर कसा असावा याची जी नियमावली काढली होती, त्यात हे रंग ठरवलेले होते. मला मशीनच्या वेगापेक्षा त्या रंगांचाच आनंद जास्त झाला. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही त्यालाही आता वायर लावता येणार होती. आमच्याकडं कटिंगचं काम करणारा मुलगा चौथीपर्यंतच शिकलेला. त्यानं पहिल्याच दिवशी सगळ्या वायरी बरोबर लावल्या आणि दिवसभर तो वेगळ्याच ऐटीत वावरला.

मॉनिटरच्या निळ्या पोर्टची, म्हणजे वायरच्या जागेची, एक आठवण आहे. एका सकाळी स्क्रीन लावला तर सगळं पिवळं. पांढरा कागद पिवळा, खिडक्या पिवळ्या, माझ्यासमोरची लग्नपत्रिका हळद लावल्यासारखी. मला वाटलं मॉनिटर गेला, आता पाच-सहा हजारांचा खड्डा. अण्णांनी वायर काढली, स्क्रू अंगठ्यानं सैल करत, आणि पिना उजेडाकडं धरल्या. पंधरा पिनांची जागा, तीन ओळी, ओळीत पाच. पहिल्या ओळीत तांबडा, हिरवा, निळा या तीन रंगांसाठी तीन वेगवेगळ्या पिना असतात आणि निळ्याची पिन बरोबर मधली. ती वाकून आडवी झाली होती. निळा येईना, म्हणून पांढऱ्यातून निळा वजा होऊन उरलं ते पिवळं. अण्णांनी गांधी टोपी बाजूला ठेवली, चष्मा कपाळावर चढवला, प्रूफं टाचायची टाचणी घेतली आणि श्वास रोखून ती पिन सरळ केली. चार रंगांत छपाई करणाऱ्या माणसाला निळा गेला की काय उरतं हे कुणी शिकवायची गरज नव्हती. पण एक रंग एका तारेतून येतो, वेगळा, एकटा, आणि काचेवर येऊन बाकीच्यांत मिसळतो, हे मी त्या सकाळी डोळ्यांनी पाहिलं. आता एचडीएमआय नावाच्या नव्या केबलच्या एकोणीस पिनांमधून सगळं आकड्यांच्या रूपात येतं. चित्र आलं तर पूर्ण येतं, नाहीतर ठिपके उडतात, पडदा काळा होतो. हळद लागलेला पडदा आता कुणाला दिसायचा नाही.

आणि ते लॉक. त्या वेळी मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर घेतलं की त्याबरोबर काडेपेटीएवढा एक ठोकळा यायचा, त्याला सगळे लॉक म्हणायचे. तो प्रिंटरच्या पंचवीस भोकांच्या जागेत बसवायचा आणि त्याच्या पाठीत प्रिंटरची केबल लावायची. ठोकळा जागेवर असेल तरच मराठी अक्षरं उमटणार. त्या पोर्टला पॅरलल म्हणत, कारण एका अक्षराचे आठ तुकडे आठ तारांवरून बरोबरीनं, खांद्याला खांदा लावून जात. नऊ पिनांचा दुसरा होता सिरीयल, त्यात ते एकामागून एक. पॅरलल केबल मनगटाएवढी नसली तरी अंगठ्याहून जाड, आणि तिच्या वजनानं लॉक खाली ओढलं जायचं. एखादा स्क्रू सैल झाला की ऐन पानाच्या मध्यात सॉफ्टवेअर बंद. मग अण्णा सुतळीनं ती केबल टेबलाच्या पायाला बांधायचे. विचार केला की अजून अंगावर काटा येतो. सबंध तालुक्यातल्या पत्रिका, हळदीकुंकवाची कार्डं, सोसायट्यांचे अहवाल, दहाव्याच्या चिठ्ठ्या, सगळं मराठी त्या एका ठोकळ्यावर आणि एका सुतळीवर टांगलेलं होतं. त्या फॉन्टमध्ये केलेली आमची शेकडो पानं आज नुसती खुणांची गिचमीड होऊन पडली आहेत. ज्या भोकात ते लॉक बसायचं ते भोकच आता नव्या मशीनना सहसा नसतं.

गुरुजी रोज संध्याकाळी छापखान्यात येऊन बसायचे. हायस्कूलमध्ये मराठी आणि इंग्रजी शिकवायचे, अण्णांचे बालमित्र, प्रूफं फुकट तपासायचे. पोर्ट हा शब्द ऐकून मी एकदा विचारलं, गुरुजी, पोर्ट म्हणजे बंदर ना? मग इथं जहाज कुठलं लागणार? त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. म्हणाले, इंग्रजीत दोन वेगळे पोर्ट आहेत. एक बंदराचा, दुसरा दाराचा, लॅटिनमध्ये पोर्ता म्हणजे दार. आपला हा दाराकडचा. मग थोडं थांबून म्हणाले, "दार पण नव्हे गं, दिंडी म्हण. वाड्याच्या मोठ्या दरवाजाला कशी लहानशी दिंडी असते? मोठा दरवाजा बंद असला तरी माणूस वाकून आत येतो. वाकल्याशिवाय येता येत नाही, आणि एका वेळी एकच येतो." मला तो शब्द इतका पटला की छापखान्यात आम्ही बरेच दिवस प्रिंटरची दिंडी, माउसची दिंडी असंच म्हणायचो. हार्डवेअरवाला मेल-फिमेल म्हणायचा, तेव्हा मला अवघडल्यासारखं व्हायचं. अण्णांच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी त्याच्यासमोरच खुंटी आणि खोबण म्हणायला सुरुवात केली आणि तोही मग तसंच म्हणायला लागला.

दुसऱ्या मशीनच्या पाठीवर आवाजाच्या तीन गोल जागाही होत्या. हिरवी स्पीकरची, गुलाबी माइकची आणि तिसरी आकाशी. आकाशीत काय लावायचं ते कुणालाच माहीत नव्हतं, ती कित्येक महिने तशीच राहिली. २००१ च्या पावसाळ्यात गुरुजी एक कॅसेट घेऊन आले. काकूंच्या आईनं, म्हणजे त्यांच्या सासूबाईंनी, म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली होती आणि कॅसेटची फीत टेपरेकॉर्डरमध्ये अडकायला लागली होती. कॉम्प्युटरवर घेता येईल का? आम्ही टेपरेकॉर्डरची वायर गुलाबीत घातली. आवाज फाटका, चिरका, ऐकवेना. गुरुजींचा चेहरा उतरला. माइकमधून येणारा आवाज इतका क्षीण असतो की गुलाबी जागा त्याला आत घेतानाच कित्येक पट वाढवते. टेपरेकॉर्डरनं आधीच मोठा करून दिलेला आवाज तिच्यात घातला तर तो फाटणारच. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी नुसती वायर काढून शेजारच्या आकाशीत घातली.

आणि म्हातारीचा आवाज स्वच्छ आला.

आकाशी जागा त्यासाठीच असते. आधीच तयार झालेला आवाज न वाढवता, आहे तसा घ्यायला. साठ मिनिटांची कॅसेट घ्यायला साठ मिनिटंच लागतात, त्यात घाई करता येत नाही. म्हणून ट्रेडल बंद झाल्यावर, रात्री नऊनंतर, आम्ही तिघं बसलो होतो. बाहेर पाऊस होता. आकाशी जागेतून खोलीतलं काही आत जात नाही, फक्त तारेतून आलेलं जातं, म्हणजे आम्ही बोललो असतो तरी चाललं असतं. कुणीच बोललं नाही. पहिली ओवी, मागं जात्याची घरघर, दोन ओव्यांच्या मधे दम घेतल्याचा आवाज. आणि सगळ्याखाली एक बारीक गुणगुण, विजेची, टेपरेकॉर्डर आणि कॉम्प्युटर वेगवेगळ्या बोर्डांवर लावल्यानं आलेली. ती काढता आली असती. गुरुजी म्हणाले, राहू दे, भुंग्यासारखी वाटते. ती फाइल आधी सीडीवर गेली, मग गुरुजींच्या मुलीच्या कॉम्प्युटरवर, मग कुठंकुठं.

यूएसबी आमच्याकडं उशिरा आलं. ठरलं होतं १९९६ सालीच. सात कंपन्यांनी एकत्र बसून एकच जागा पक्की केली, कीबोर्ड, माउस, प्रिंटर, स्कॅनर, कुणीही या. त्या कामात पुढं असलेले इंटेलचे अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. अण्णांच्या बहिणीचं सासर बडोद्याचं, गायकवाडांच्या वेळेपासून तिथं राहिलेलं मराठी घर. त्यामुळं ही बातमी पेपरात आल्यावर अण्णांनी ते कात्रण मशीनवर चिकटवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "आपल्या बडोद्याचा माणूस" म्हणून दाखवलं. चालू मशीनमध्ये लावा, चालू मशीनमधून काढा, स्क्रू नाही, फ्यूजची भीती नाही. आम्हाला ते सुखच होतं. लोक एक तक्रार मात्र नेहमी करतात, की यूएसबी पहिल्यांदा कधी बसतच नाही, उलटून बघावं लागतं. दोन्ही बाजूंनी बसणारी पिन करायची तर तारा आणि सर्किट दुप्पट लागली असती आणि खर्चही तसाच वाढला असता. भट्टांनी हे मुलाखतींत सांगितलं आहे. स्वस्त झालं नसतं तर मिरजेतल्या छापखान्यापर्यंत पोचलं नसतं, हे मी त्यात माझ्याकडून घालीन. आणि आणखी एक. पॅरललसारखे आठ जण खांद्याला खांदा लावून निघाले तरी वेग फार वाढवला की सगळे एकाच क्षणी पोचत नाहीत, कुणीतरी मागं राहतो आणि अक्षराची मोडतोड होते. एकामागून एक, पण जोरात, हीच रीत शेवटी टिकली. यूएसबीतला एस सिरीयलचाच.

पेनड्राइव्हचं तोंड कधी नीट पाहिलंय? परवा मी भिंग घेऊन पाहिलं. आत चार सोनेरी पट्ट्या असतात. कडेच्या दोन थोड्या लांब, मधल्या दोन थोड्या आखूड. कडेच्या विजेच्या, मधल्या माहितीच्या. आत सरकवताना लांब पट्ट्या आधी टेकतात, म्हणजे पाहुण्याच्या अंगात आधी वीज येते, मग बोलणं सुरू होतं. काढताना उलट, आधी बोलणं थांबतं, मग वीज. आपल्याकडं दारात आलेल्याला आधी तांब्याभर पाणी देतात आणि मग कुठून आलात, काय काम काढलंत विचारतात, तसंच हे. कारण पुढं खरोखर तेच होतं. कॉम्प्युटर विचारतो, कोण तू, कुणी बनवलं, काय करतोस, वीज किती लागेल. पेनड्राइव्ह सांगतो. मग त्याला एक नंबर मिळतो, एक ते एकशे सत्तावीसमधला, आणि तो त्या घरचा होतो. एका मिलिमीटरनं आखूड-लांब ठेवलेल्या त्या पट्ट्यांपाशी मी खूप वेळ थांबले. अण्णांना दाखवायला हव्या होत्या. बघ, इथंपण खाच आहे, असंच म्हणाले असते.

आता सगळं टाइप-सी, म्हणजे यूएसबीचं नवं रूप, होत चाललंय. २०१४ साली आलं, बारा वर आणि बारा खाली अशा चोवीस पट्ट्या, कसंही धरा, बसतंच. युरोपात तर २०२४ च्या डिसेंबर अखेरपासून नव्या फोनना हीच जागा सक्तीची केली, म्हणजे चार्जरचा ढीग तरी कमी होईल. मला हे मनापासून बरं वाटतं. उलटंसुलटं बघायची कटकट गेली, रात्री अंधारात फोन लावणाऱ्या आईची चिडचिड गेली. पण एक खंत आहे ती आहेच. पूर्वी प्रत्येक जागेचं तोंड वेगळं होतं, त्यामुळं आत काय चालतं ते तोंडावरून कळायचं. आता तोंड सगळ्यांचं एक, पोटात काय आहे ते कळत नाही. एक केबल फक्त चार्ज करते, दुसरी फाइली पण नेते, तिसरीतून पडद्यावर चित्र जातं. एकाच लॅपटॉपच्या दोन भोकांतलं एक चित्र देतं आणि शेजारचं देत नाही, आणि दोघांवर खूण एकसारखी, किंवा खूणच नाही. बोटाला खाच लागत नाही. आणि पातळ करण्याच्या नादात भोकंच इतकी कमी केली की दहा वर्षांपूर्वीचा पाहुणा दारातून परत जातो. नवं दार करायला माझी ना नाही. जुनं दार चिणताना त्याच्या बाहेर कोण उभं आहे ते एकदा डोकावून बघायला हवं होतं. बाहेर कुणी मशीन उभं नसतं. झिपची पिशवी खिशात घेतलेले गुरुजी उभे असतात.

शोकसभेनंतरच्या रविवारी मी गुरुजींकडं गेले. लॅपटॉप, कन्व्हर्टर, एचडीएमआयची केबल, सगळं पिशवीत घेऊन. गुरुजी झोपाळ्यावर होते. मी म्हटलं, गुरुजी, फोटो बघायला आलेय. ते काही बोलले नाहीत, उठून देवघराच्या कपाटातून ती पिशवी घेऊन आले. आधी मी पेनड्राइव्ह सरळ त्यांच्या टीव्हीलाच लावला. टीव्हीनं सांगितलं, फोटो नाहीत. स्कॅन करून देणाऱ्यानं सगळ्याची पीडीएफ केलेली, ती टीव्हीला वाचता येईना. मग पेनड्राइव्ह काढून लॅपटॉपला कन्व्हर्टर लावला, केबल टीव्हीत घातली. पडदा काळा. काकू स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. मी कन्व्हर्टर काढून शेजारच्या भोकात घातला, आणि अण्णा आले.

पंचवीस-तीस वर्षांचे अण्णा, केससमोर उभे, डाव्या हातात ओळ रचायची स्टिक, उजवा हात खिळ्यांच्या खणात, नजर वर टांगलेल्या हस्तलिखितावर. हाताकडं लक्षच नाही. गुरुजी पुढं सरकून बसले. एकेक फोटो ते सांगत गेले, हा कुठला, हा कधीचा, यात मागं दिसतो तो कोण. ट्रेडल विकत घेतल्या दिवशीची पूजा होती, चाकाला हार. शेवटचा फोटो झाल्यावर त्यांनी परत पहिला लावायला सांगितला. तीन वेळा सगळे बघून झाले.

मी आवराआवर करायला लागले तेव्हा फाइलींच्या यादीत सगळ्यात खाली एक नाव दिसलं. माझंच दिलेलं, २००१ सालचं. मी गुरुजींकडं पाहिलं, त्यांनी मान हलवली. ही आवाजाची फाइल होती, ती टीव्हीला वाचता येण्यासारखी. पेनड्राइव्ह पुन्हा टीव्हीला लावून मी रिमोटचं बटण दाबलं. आधी ती भुंग्यासारखी गुणगुण आली. मग जातं. मग काकूंची आई. काकू आतून बाहेर आल्या, हात भाकरीच्या पिठाचे, ते तसेच धरून उंबऱ्याशी टेकून उभ्या राहिल्या. एक बाजू पूर्ण होईपर्यंत, म्हणजे अर्धा तास, त्या तशाच उभ्या होत्या. हातावरचं पीठ वाळून गेलं.

"हे मला रोज लावता येईल का?" त्यांनी विचारलं. "म्हणजे माझं मला? यांना आता वाकवत नाही, आणि कुणाला रोज कशाला बोलवायचं."

टीव्ही भिंतीला अगदी लागून होता, मागं हातभरही जागा नव्हती. मी पेनड्राइव्ह काढून त्यांच्या हातात दिला. त्याच्या पत्र्याला एका बाजूनं सांधा असतो, नखाला बारीक लागतो. तो त्यांना चाचपायला लावला. म्हटलं, हा सांधा भिंतीकडं ठेवायचा. काकूंनी हात मागं घातला आणि सवयीनं वाकून डोकावायला लागल्या.

"वाकू नका काकू, दिसणार नाही. बोटानं बघा."

त्यांनी डोळे मिटले. बोटं कडेकडेनं खाली गेली, एका खाचेवर थांबली, पुढं सरकली, परत आली. पहिल्यांदा नाही बसला. दुसऱ्यांदा टीव्हीमागच्या भिंतीवर पेनड्राइव्हचा एवढासा तांबडा दिवा लुकलुकला.